रेषेबाहेरचा माणूस

मुंबईहून नाशिककडे निघालेली गाडी कसाऱ्याला थांबते, ती काही नुसत्या चहापाण्यासाठी नव्हे. पुढे थळ घाट उभा असतो. दर ३७ फुटांमागे १ फूट अशी त्याची चढण. एकट्या इंजिनाच्याने ती निभत नाही, म्हणून बहुतेक गाड्यांच्या शेपटीला कसाऱ्याला आणखी इंजिने जोडतात. ही इंजिने मागून रेटा देतात, बोगद्यांतून आणि दरीवरच्या पुलांवरून गाडी वर आणतात आणि इगतपुरीला सोडवली जातात. गाडी आपल्या वाटेने पुढे निघून जाते. रेल्वेची माणसे या मागच्या इंजिनांना ‘बँकर’ म्हणतात. डब्यात बसलेल्या प्रवाशाला विचारा, की बाबा, घाट कोणी चढवला? तो बिचारा पुढच्या इंजिनाकडे बोट दाखवील.

ज्या गृहस्थांविषयी येथे सांगायचे आहे, ते असेच मागून रेटा देणारे होते. सय्यद अब्दुल रहीम हे त्यांचे नाव. खेळाडू त्यांना रहीमसाहेब म्हणत. हैदराबादचे शाळामास्तर. भारताने १९५१ साली दिल्लीला आणि १९६२ साली जाकार्ताला आशियाई क्रीडास्पर्धांतील फुटबॉलचे सुवर्णपदक मिळवले. १९५६ साली मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये आपण चौथे आलो. या तिन्ही वेळी संघ घडवणारा माणूस हाच. पुढे आशियाई स्पर्धांतले फुटबॉलचे सुवर्णपदक आपल्या वाट्याला पुन्हा आलेले नाही.

इगतपुरीचा आणि हैदराबादच्या मास्तरांचा संबंध काय, असे तुम्ही विचाराल. संबंध रुळांचा आहे. घाटातला लोहमार्ग १८६५ साली खुला झाला आणि त्यानेच इगतपुरी वाढवली. १९३० च्या सुमारास कल्याणहून विजेची तार इगतपुरीपर्यंत आली आणि तिथेच थांबली. पुढे भुसावळच्या बाजूला वाफेचेच इंजिन. त्यामुळे पन्नास-साठच्या सुमाराला जाणारी-येणारी प्रत्येक मेल इगतपुरीला इंजिन बदलायला उभी राही. कलकत्त्याची मेल नागपूरवरून येवो की अलाहाबादवरून, तिला हा थांबा चुकत नसे. मोहन बागान, ईस्ट बंगाल, मोहमेडन स्पोर्टिंग यांसारख्या नामांकित संघांना रोव्हर्स करंडकासाठी रेल्वेने मुंबई गाठायची, तर याच फलाटावरून जाणे भाग होते. हैदराबादहून मुंबईची सरळ वाट सोलापूर-पुण्यावरून. पण हैदराबादकडे जाणारी मीटरगेजची गाडी याच नाशिक जिल्ह्यात, मनमाडला मिळे.

फुटबॉल हा खेळ आपल्याकडे आतल्या गावांत पोचला तो मुख्यतः तीन वाटांनी: पलटणी, मिशनच्या शाळा आणि रेल्वे. रेल्वेच्या वसाहतींत मराठी घराशेजारी गोवेकराचे घर, त्याला लागून अँग्लो-इंडियन ड्रायव्हरचे, पलीकडे मद्रासी गार्डाचे. भाषा चार, पण चेंडू एक. अशा वसाहतीतल्या माणसाच्या खिशात रेल्वेचा पास असे, आणि पास असला की कूपरेजचे मैदान काही लांब नाही. इगतपुरी ते बोरीबंदर हे अंतर सुमारे १३५ किलोमीटर. सामना पाहून रात्रीच्या गाडीने परत, आणि सकाळी पुन्हा कामावर. ज्यांना ते जमत नसे त्यांना आदल्या दिवशीचा निकाल मुंबईच्या वर्तमानपत्रातून कळे, आणि वर्तमानपत्रही गाडीनेच येई.

हे कूपरेज म्हणजे एके काळी लाकडी पिंपे बनवण्याची जागा. त्यावरूनच त्याचे नाव पडले. रोव्हर्स करंडकाची स्पर्धा १८९१ साली सुरू झाली. १९३७ साली बंगलोर मुस्लिम्स या संघाने तो करंडक जिंकेपर्यंत त्यावर गोऱ्या पलटणींचीच मिरासदारी होती. स्वातंत्र्यानंतर मात्र एक नवलच घडले. १९५० पासून १९५४ पर्यंत लागोपाठ पाच वर्षे हा करंडक एकाच संघाने नेला, आणि तो संघ ना मुंबईचा ना कलकत्त्याचा. तो हैदराबाद सिटी पोलिसांचा. खेळणारी माणसे पोलिसखात्यात नोकरीला, आणि त्यांना शिकवणारे रहीमसाहेब.

या पाच वर्षांत ज्यांनी कूपरेजला सामने पाहिले, त्या पिढीच्या आठवणींचा एक ठरलेला साचा आहे. आधी नावे येतात. नूर, अझीझ, लतीफ, मोईन ही नावे जुना शौकीन जपमाळेसारखी घडाघडा म्हणून दाखवी. मग खेळाचे वर्णन येते: चेंडू उंच भिरकावायचा नाही, जमिनीवरून सरकवायचा; एकाने दुसऱ्याकडे, दुसऱ्याने तिसऱ्याकडे, आणि समोरचा धावून धावून दमला की गोल. त्यानंतर मोठा सुस्कारा, की आता तसे कोणी खेळत नाही. या सगळ्यात मास्तरांचे नाव फार उशिरा येते, कधी येतही नाही. प्रेक्षकाचा त्यात काही दोष नाही. त्याचे डोळे चेंडूवर असतात; चुन्याच्या रेषेबाहेर उभा असलेला माणूस त्याला दिसणार कसा?

गंमत अशी, की प्रत्येक शहराची आठवण निराळी आहे. कलकत्त्याला विचारा, ते चुनी गोस्वामी आणि पी. के. बॅनर्जी सांगतील. मुंबईला विचारा, ती नेव्हिल डिसोझाचे नाव घेईल. पंजाबात जर्नेलसिंग. एकट्या हैदराबादलाच पहिल्या दमात रहीमसाहेब आठवतात, कारण त्यांनी शिकवलेली मुले तिथल्या गल्ल्यांत वाढली. आणि मराठी माणसाने येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद हे पाच मराठी जिल्हे हैदराबाद राज्यातच होते. कूपरेजवर सतत पाच वर्षे जिंकणारे ते पोलिस आपल्या मराठवाड्याच्याही राजधानीचे पोलिस होते. ही आठवण आपण हैदराबादवाल्यांना सबंध देऊन टाकली आहे.

आता मास्तरांकडे वळू. रहीमसाहेबांचा जन्म १९०९ सालचा. शिक्षण उस्मानिया विद्यापीठात. तिथे ते स्वतः फुटबॉल खेळले. पुढे हैदराबादच्या शाळांत मास्तरकी केली, शारीरिक शिक्षणाचा अभ्यासक्रम पुरा केला आणि १९४० नंतर लौकरच हैदराबाद फुटबॉल संघटनेचे चिटणीस झाले. ते काम त्यांनी मरेपर्यंत सांभाळले. त्यांच्या शिकवण्याची जी पद्धत सांगतात ती ऐकली, की हा माणूस मुळात शाळेतलाच, याविषयी शंका राहत नाही. त्यांनी अशा स्पर्धा भरवल्या, की ज्यात उजव्या पायाच्या खेळाडूने डाव्यानेच चेंडू मारायचा आणि डावऱ्याने उजव्याने. दुसऱ्या काही स्पर्धांत चेंडू पायाशी घोळवत नेण्यालाच मनाई: आला की दिला पाहिजे. विचार करून बघा, किती साधी युक्ती! डाव्या हाताने पाटी गिरवायला लावावी, तसे हे. पण या युक्तीने खेळाडूचे दोन्ही पाय जागे झाले आणि त्याची मान वर राहू लागली. ज्या सफाईदार खेळाने कूपरेजचा प्रेक्षक वेडा झाला, तिचे मूळ असल्या कंटाळवाण्या धड्यांत होते.

रचनेच्या बाबतीतही ते काळाच्या मागे नव्हते. आपल्याकडे तेव्हा दोन बॅक, तीन हाफ, पाच फॉरवर्ड ही जुनी मांडणी देवाच्या आज्ञेसारखी पाळली जाई. रहीमसाहेबांनी मधल्या फॉरवर्डला थोडे मागे ओढले, बचावाला माणूस वाढवला. युरोपात हंगेरीचा संघ असल्याच प्रयोगांनी तेव्हा गाजत होता. पुढे चार बॅक, दोन हाफ, चार फॉरवर्ड अशी मांडणी जगभर रूढ झाली, तिच्या जवळपास हैदराबादचे मास्तर आधीच पोचले होते, असे त्या काळचे जाणकार सांगत आले आहेत.

पण वाचकहो, आठवणींचा एक दुर्गुण आहे. त्या सोने तेवढे ठेवतात आणि राख झटकून टाकतात. इतिहास लिहिणाराला राखही चिवडावी लागते. १९५१ चे दिल्लीचे सुवर्णपदक घ्या. अंतिम सामन्यात मेवालालने गोल केला आणि इराणवर आपण १-० ने मात केली, हे सर्वांना पाठ आहे. त्या स्पर्धेत फुटबॉलचे संघ सहाच होते, हे कोणी सांगत नाही. दुसऱ्याच वर्षी, १५ जुलै १९५२ रोजी, हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये आपले बहुतेक खेळाडू अनवाणी उतरले आणि युगोस्लाव्हियाने आपल्याला १०-१ असे धुऊन काढले. तो एकुलता एक गोल अहमद खानचा. या पराभवानंतर फुटबॉल महासंघाने बूट घालून खेळण्याची सक्ती केली.

अनवाणी पायांवरून आठवले. भारताला १९५० साली ब्राझीलच्या विश्वचषकाला जाता आले नाही, कारण आमच्या खेळाडूंना बुटांशिवाय खेळू देईनात, ही गोष्ट तुम्ही कुठेतरी ऐकलीच असेल. ऐकायला मोठी गोड गोष्ट आहे. तीत आपला थोडा अभिमानही सुखावतो. पण महासंघाने त्या वेळी दिलेली कारणे निराळी होती: निवडीवरून मतभेद, सरावाला वेळ अपुरा. खरे म्हणजे ऑलिंपिकपुढे विश्वचषकाचे मोल कोणाला फारसे वाटलेच नव्हते. बुटांची गोष्ट लोकांनी नंतर जवळ केली, कारण अनास्थेची गोष्ट सांगायला कोणालाच आवडत नाही.

हेलसिंकीच्या राखेतून मेलबर्न उभे राहिले, आणि मास्तरांची किंमत कळते ती येथे. चार वर्षांत तेच गडी बूट घालून, ताठ मानेने खेळायला शिकले. हंगेरीत त्या वर्षी उठाव झाला होता. त्यांचा फुटबॉल संघ आलाच नाही आणि आपल्याला पहिला सामना खेळाविना मिळाला. १ डिसेंबर १९५६ ला गाठ पडली यजमान ऑस्ट्रेलियाशी, त्यांच्याच मैदानावर. भारताने ४-२ असा विजय मिळवला आणि त्यातले तीन गोल मुंबईच्या नेव्हिल डिसोझाचे. ऑलिंपिकच्या फुटबॉलमध्ये एका सामन्यात तीन गोल करणारा हा पहिला आशियाई खेळाडू. नेव्हिल मूळचा गोव्याकडचा. १९५४ साली मुंबईने संतोष करंडक जिंकला, त्या संघात तो होता. १९५८ साली रोव्हर्स करंडक घेणाऱ्या मुंबईच्या कॅल्टेक्स संघातही होता.

उपांत्य सामन्यात समोर पुन्हा युगोस्लाव्हिया! आणि पहिला गोल कोणी करावा? आपल्या नेव्हिलने. काही मिनिटे भारत ऑलिंपिकच्या अंतिम सामन्याच्या उंबरठ्यावर उभा होता. मग युगोस्लाव्हियाने चार गोल केले आणि सामना ४-१ असा गेला. पुढे बल्गेरियाकडून ३-० असे हरून आपण चौथे राहिलो. कोणी म्हणेल, हरलो ते हरलोच. पण हिशेब मांडून बघा. त्याच देशाकडून दहा गोल खाणारा संघ चार वर्षांनी त्याच देशावर आघाडी घेतो, याला काय म्हणावे? चार गोल करून नेव्हिल त्या स्पर्धेत सर्वाधिक गोल करणाऱ्या तिघांपैकी एक ठरला. तो चेंडू मारणारा पाय नेव्हिलचा. पाय कुठे ठेवावा हे सांगणारे डोके रेषेबाहेर उभे होते.

१९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये गटच असा वाट्याला आला, की अंगावर काटा यावा: हंगेरी, फ्रान्स आणि पेरू. हंगेरीकडून आपण २-१ असे हरलो, फ्रान्सला १-१ असे रोखले, पेरूकडून ३-१ अशी हार खाल्ली. फ्रान्सविरुद्धचा गोल कर्णधार पी. के. बॅनर्जीचा. हा पी. के. पूर्व रेल्वेत नोकरीला, आणि बहुतेक कारकीर्द तो रेल्वेच्याच संघातून खेळला. कलकत्त्याचे बडे संघ बाजूला सारून पूर्व रेल्वेने १९५८ साली तिथली लीग जिंकली ती त्याच्याच जमान्यात. रेल्वेच्या वसाहतीतल्या माणसाला तो बंगाली वाटत नसे. तो ‘आपल्या खात्यातला’ वाटे. इगतपुरी काय, भुसावळ काय, खरगपूर काय, हे एक निराळेच गणगोत होते.

आणि मग १९६२, जाकार्ता. या स्पर्धेची कहाणी जितक्या वेळा सांगावी तितकी थोडी. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने आपल्याला २-० ने हरवले. थायलंडला ४-१ असे हरवताना जर्नेलसिंगचे डोके फुटले आणि टाके पडले. जपानवर २-० असा विजय मिळाला. गोलरक्षक थंगराज तापाने अंथरुणाला खिळलेला. बाहेरची हवा तर आणखीच तापलेली: इंडोनेशियाने इस्रायल आणि तैवान यांना स्पर्धेला येऊ दिले नव्हते, त्यावर आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे भारतीय सभासद गुरुदत्त सोंधी यांनी आक्षेप घेतला, आणि सगळे शहर भारताच्या नावाने खवळले. आपला संघ मैदानात उतरला की हुर्यो उठे.

अशा वेळी मास्तरांनी काय केले? जर्नेलसिंग हा बचावातला पहाड. टाके घातलेल्या डोक्याने त्याला मागे खेळवणे धोक्याचे, तर त्यांनी त्याला थेट पुढे नेऊन फॉरवर्ड केले. उपांत्य सामन्यात दक्षिण व्हिएतनामवर ३-२ असा विजय मिळाला, त्यात दोन गोल कर्णधार चुनी गोस्वामीचे आणि एक जर्नेलचा. अंतिम सामना पुन्हा दक्षिण कोरियाशी. कोरियाचे गडी हवेतल्या चेंडूवर पटाईत. म्हणून नुकताच ताप उतरलेल्या उंचपुऱ्या थंगराजला मास्तरांनी पुन्हा गोलात उभे केले. खेळाडूंनीच पुढे सांगितले आहे, की आदल्या रात्री रहीमसाहेबांनी त्यांना जवळ बसवून एक भेट मागितली: उद्याचे सुवर्णपदक. ते स्वतः तेव्हा आजारी होते.

४ सप्टेंबर १९६२ चा तो सामना. सतराव्या मिनिटाला पी. के. चा गोल; पाठोपाठ विसाव्या मिनिटाला जर्नेलचा, तोही त्याच टाके घातलेल्या डोक्याने. कोरियाने शेवटी शेवटी एक गोल परत केला, पण वेळ उरली नव्हती. २-१. एक लाखाच्या आसपास गर्दी, आणि आपल्या बाजूने ओरडणारे मूठभर. त्यांत पाकिस्तानच्या हॉकी संघातले खेळाडू होते, असे आपले खेळाडू आवर्जून सांगत. त्या सुवर्णपदकात मुंबईचाही वाटा होता. बचावातला चंद्रशेखर कॅल्टेक्सकडून खेळणारा, आणि हाफ खेळणारा फॉर्च्युनाटो फ्रँको मूळचा गोव्याचा, पण मुंबईच्या मैदानांत तयार झालेला.

या विजयाला दहा महिनेही झाले नव्हते तोच, ११ जून १९६३ रोजी, रहीमसाहेब फुप्फुसाच्या कर्करोगाने गेले. वय अवघे ५३.

त्यांच्यामागे काय राहिले? शिष्य राहिले. पी. के. बॅनर्जी पुढे स्वतः मोठा प्रशिक्षक झाला. १९७० साली बँकॉकला आशियाई स्पर्धांत आपण ब्राँझपदक मिळवले तेव्हा कर्णधार होता हैदराबादचाच सय्यद नईमुद्दीन. रहीमसाहेबांचे चिरंजीव हकीम हे रोमच्या संघात होते. पुढे तेही प्रशिक्षक झाले आणि २०२१ साली वारले. चुनी आणि पी. के. २०२० साली गेले, तुलसीदास बलराम २०२३ साली. रोव्हर्स करंडकाची स्पर्धा या शतकाच्या आरंभीच बंद पडली. हेच मास्तर २०२४ साली ‘मैदान’ या हिंदी चित्रपटातून घरोघर पोचले. अजय देवगणच्या रूपाने का होईना, रेषेबाहेरचा माणूस एकदाचा पडद्याच्या मधोमध आला.

चित्रपट निघाला याचा आनंद आहेच. परंतु एक प्रश्न उरतो, आणि तो आपल्याला स्वस्थ बसू देऊ नये. मास्तर गेल्यावर त्यांची शाळा का बंद पडली? त्याचे उत्तर आपल्या आठवणींतच आहे. आपण गोल आठवले, पदके आठवली, टाके घातलेले डोके आठवले. पण डाव्या पायाच्या त्या स्पर्धा कोणी आठवल्या नाहीत. त्यांनी लावलेली पोरांना शिकवण्याची शिस्त गावोगावच्या संघटनांनी उचलली नाही. देशातले सामने कितीतरी वर्षे आंतरराष्ट्रीय सामन्यांपेक्षा कमी वेळाचे राहिले, आणि बाहेर गेल्यावर शेवटच्या वीस मिनिटांत आपला दम तुटत राहिला. आशियातले बाकीचे देश शिकत गेले, आपण आठवत बसलो. कोरियाने आणि जपानने पराभवाच्या वह्या केल्या. आपण विजयाच्या तसबिरी केल्या.

म्हणून तुम्हाला एवढेच सुचवायचे आहे. तुमच्या घरी, तुमच्या गावी, त्या काळातला कोणी म्हातारा शौकीन अजून असेल, तर त्याच्याजवळ जरूर बसा. तो गोल कोणी मारला हे सांगेल, तेही ऐका. मग त्याला विचारा: आणि त्यांना शिकवले कोणी? कसे शिकवले? तो जे सांगेल ते लिहून ठेवा. आणि तुमच्या शाळेच्या मैदानावर एखाद्या संध्याकाळी पोरांना सांगून पाहा, की आज सगळ्यांनी डाव्या पायानेच खेळायचे. पहिल्या दिवशी हसतील, पडतील, चेंडू भलतीकडे जाईल. आठवड्याने बघा.